इजेचे कारण

जरीपटका, नागपूर
रविवार, २४ जून १९७९

चि. प्रेमिला,

आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचे नसतील तर पाकिटातच राहू दे.

सोमवारी कोर्टाचा निकाल लागला आणि मंगळवारी सकाळी तू पारशिवनीच्या बसमध्ये जाऊन बसलीस. मायला सांगितलंस, आत्याला बरं नाही. बायजाबाई आत्याला साधी सर्दी झालेलीसुद्धा मी जन्मात पाहिली नाही. मायनं मात्र मान डोलावली आणि तुझ्यासोबत लोणच्याची बरणी दिली. आपल्या घरात खोटं बोलायला कष्ट पडत नाहीत, हे तुझ्याही लक्षात आलंच असेल.

रुपरावनं दुकान उघडलं आहे. निर्दोष सुटला म्हणून बाजारात पेढे वाटले. आपल्या शेजारणीनं तो पेढा घेतला, आणि वर मला येऊन सांगितलं की घ्यावा लागला, नाही म्हणता येत नाही ना बाई. मी तिला म्हटलं, गोड होता का? तेव्हापासून ती आमच्या नळावर येत नाही. तेवढंच पाणी वाचलं.

मी आता ऑफिसला जाताना सदरची बस पकडायला मागच्या गल्लीनं जाते. त्याच्या दुकानावरून जायचं नाही, गोदाम दिसायला नको. तू वर्षभर त्याच्यासाठी परकर-पोलकी शिवलीस, ती अजून तिथे टांगलेली असतात. तुझी मशीन मी चादरीनं झाकून ठेवली आहे.

तुझा राग त्या फॉर्मवर आहे, हे मला कळतं. कोर्टात तो फॉर्म निघाला आणि आपली केस बसली. तू मला एकदाही विचारलं नाहीस की बाई, तू तो काहून भरला. विचारलं असतंस तर मी चिडले असते, हेही खरं. पण आता पुढच्या पत्रांतून सांगेन. शंभर रुपयांची मनीऑर्डर केली आहे, ती घे. आत्याकडे फुकट खायचं नाही.

तुझी बहीण,
कौसल्या


रविवार, ८ जुलै १९७९

चि. प्रेमिला,

मनीऑर्डर परत आली. पोस्टमननं ‘घेण्यास नकार’ असा शेरा माझ्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवला. तू नाही म्हणायला शिकलीस, याचा मला एरवी आनंद झाला असता.

पैसे घेऊ नकोस, पण ऐक तरी.

त्या मंगळवारी मी रजेवर होते म्हणून घरात होते. दुपारी तू शिवलेला माल द्यायला गेलीस आणि दोन तासांनी चालत परत आलीस. उंबऱ्यावर बसलीस. लुगड्यावरचं रक्त पाहून मायनं तोंडाला पदर लावला. तू एवढंच म्हणालीस, ‘‘बाई, रुपरावनं गोदामाचं दार लावून घेतलं.’’ पुढचं तुला सांगावं लागलं नाही. ते जे झालं त्याला एक शब्द आहे. कोर्टातल्या वकिलानं तो चाळीस वेळा उच्चारला असेल, पण आपल्या घरात तो आजतागायत कोणी उच्चारला नाही. माय अजूनही म्हणते, ‘‘पोरगी पडली तवापासून.’’

रिक्षावाल्यानं विचारलं, ‘‘मेडिकलले घेऊ का?’’ मी म्हटलं, धंतोलीला चल.

हे मी तुला आजवर सांगितलेलं नाही. तू समजत होतीस की सरकारी मेडिकलमध्ये जागा नव्हती. मी तिथे गेलेच नव्हते, तर जागा आहे की नाही मला काय ठाऊक? आपल्या गल्लीतल्या दोघीजणी तिथे आया आहेत. तुला तिथे नेलं असतं तर दिवे लागायच्या आत सगळ्या जरीपटक्याला कळलं असतं. धंतोलीतल्या त्या नर्सिंग होममध्ये आपल्याला ओळखणारं कोणी नव्हतं, एवढंच पाहिलं मी. मेडिकलमध्ये पैसे पडले नसते. माझ्या लाजेचं बिल अठराशे चाळीस रुपये आलं.

माझा पगार तुला माहीत आहे, तीनशे पंचवीस. गळ्यातली पोत मोडून तीनशे अनामत भरली होती, ती त्यांनी कापडपट्टी आणि औषधांतच जिरवली. हे अठराशे चाळीस त्याच्या वरचे. टाके, भुलीचा डॉक्टर, रक्ताच्या दोन बाटल्या, अकरा दिवसांची खोली, आणि सगळ्यात खाली एक ओळ: पोलिसांकरिता तपासणी व दाखला, पंचाहत्तर रुपये.

खिडकीतल्या माणसाला मी म्हटलं, हे पोलिसांसाठी आहे तर आमच्याकडून काहून घेता? तो म्हणाला, ‘‘बाई, पोलीस थोडीच पैसे देऊन राहिले? ज्याची तपासणी झाली त्यानं द्यायचे.’’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तो बिचारा नियम सांगत होता. मी तिथून बाहेर आले आणि पायरीवर उभी राहून विचार करू लागले की तपासणी रुपरावची तर कोणी केलीच नाही. त्याला काय, एक पैसा पडला नाही.

पूर्ण बिल भरेपर्यंत दाखला मिळणार नव्हता. तू फिर्याद दिली होतीस, आणि फौजदार म्हणत होते, ‘‘दाखला आणा लवकर, नाहीतर केस उभी कशावर राहीन?’’ पोलिसांनी नंतर तुला सरकारी दवाखान्यातही पाठवलं, पण तोवर बारा दिवस झाले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या, तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि कागदावर लिहिलं की आता निश्चित काही सांगता येत नाही. म्हणजे तुझ्या बाजूनं बोलणारा एकच कागद होता, तो धंतोलीच्या टेबलाच्या खणात, कुलपात. तू रोज संध्याकाळी विचारायचीस, ‘‘कागद आणला का वं बाई?’’ मी म्हणायचे, उद्या.

कौसल्या


रविवार, ५ ऑगस्ट १९७९

चि. प्रेमिला,

आत्याचं पत्र आलं, तू नीट जेवत नाहीस म्हणून. जेव. रुपराव दोन वेळा जेवतो, तू काहून उपाशी राहायचं?

आता फॉर्मचं सांगते.

आमच्या मँगनीज कंपनीचा औषधोपचार फंड आहे, आणि त्याचे फॉर्म माझ्याच टेबलावर येतात, हे तू ऐकून आहेस. नियम नववा असा आहे की मारामारी, विष घेणं किंवा कुठलीही पोलीस केस असेल तर फंडातून दमडी मिळणार नाही. आणि फॉर्ममध्ये सातवा रकाना आहे, ‘इजेचे कारण’.

मी नोकरीला लागले त्या वर्षी खाणीवरच्या एका बाईचा फॉर्म आला होता. हात मोडलेला. सातव्या रकान्यात कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं, ‘नवऱ्याने मारले’. मी नियमाप्रमाणे लाल पेन्सिलीनं खूण करून परत पाठवला. ती बाई खाणीवरून ट्रकमध्ये बसून सदरच्या ऑफिसात आली. प्लास्टर नव्हतं, बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. मला दया आली. मी खिडकीतून हळूच म्हटलं, बाई, ‘पडली’ लिहा ना. तिला पैसे मिळाले. तिनं माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

मग ते सगळ्यांना कळलं. अकरा वर्षं मी लोकांना हाच शब्द सांगत आले. पडली. पाय घसरून पडली, विहिरीवर पडली, जिन्यावरून पडली. मुकादमानं ओढलेली बाईसुद्धा पडलीच. मॅनेजर महादेवरावांनी एकदा हसत म्हटलं होतं, ‘‘कौसल्याबाई, खाणीकडची जमीन फारच घसरडी दिसते.’’ मीही हसले होते. ऑफिसात मला सगळे म्हणायचे की बाई फार मायाळू आहे, कोणाचा फॉर्म अडू देत नाही. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

तुझा फॉर्म भरायला मला दोन मिनिटं लागली. ‘न्हाणीत पाय घसरून पडल्याने इजा’. हात थांबलासुद्धा नाही. सवयच तशी होती. खाली डॉक्टरची सही लागते. ज्या डॉक्टरनं पोलिसांच्या दाखल्यात खरं लिहून तो खणात ठेवला होता, त्यानंच चष्मा वर करून माझा फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. त्यालाही त्याचे पैसे हवे होते. महादेवराव म्हणाले, ‘‘बहिणीले जपा,’’ आणि मंजुरी दिली. सहाव्या दिवशी पैसे आले, सातव्या दिवशी मी बिल भरून दाखला सोडवला.

तू तो दोन्ही हातांनी धरला होतास. तुला इंग्रजी वाचता येत नाही, तरी तू एकेक ओळीवरून बोट फिरवलंस. त्या दिवशी मला वाटलं, अख्ख्या सदरमध्ये माझ्याइतकी हुशार बाई नाही. कंपनीच्या पैशानं रुपरावला तुरुंगात घालते आहे.

एकाच डॉक्टरच्या सहीचे दोन कागद, एकात तुझ्यावर जबरदस्ती झाली आणि दुसऱ्यात तू पडलीस, हे मला तेव्हा दिसलं नाही. रुपरावच्या वकिलाला दिसलं. मी कुठे नोकरी करते हे बाजारात कोणाला माहीत नाही?

कौसल्या


रविवार, १९ ऑगस्ट १९७९

प्रेमिला,

तुझं कार्ड मिळालं. दोन महिन्यांत पहिलं, आणि एकच ओळ. ‘त्या दिवशी आत काय बोललीस?’

मी ते कार्ड चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. ऑफिसात दोनदा काढून वाचलं. तुझं अक्षर सुधारलं आहे, असं काहीतरी लिहून विषय टाळावा असंही मनात आलं.

साक्षीदारांना आत बसू देत नाहीत, म्हणून तू बाहेर बाकावर होतीस. डॉक्टर माझ्या आधी बोलून गेले होते. दोन्ही सह्या माझ्याच, म्हणाले, आणि अशा जखमा पडूनही होऊ शकतात. मग मला बोलावलं. वकिलानं फॉर्म माझ्या हातात दिला. ‘‘हे अक्षर तुमचं?’’ हो म्हटलं. ‘‘यात लिहिलेलं खरं आहे की खोटं?’’

फाईल घेऊन महादेवराव आले होते. ते शेवटच्या बाकावर बसले होते आणि माझ्याकडेच पाहत होते. फॉर्मच्या तळाला छापलेलं असतं की मजकूर खोटा निघाल्यास नोकरीतून काढून पैसे वसूल केले जातील. अकरा वर्षं मी लोकांना ती ओळ वाचून दाखवत आले आहे. माझ्या डोळ्यांसमोर घरभाडं आलं, मायचं औषध आलं. तू आली नाहीस. हे लिहिताना मला माझीच किळस येते आहे, पण तू आली नाहीस.

मी म्हटलं, ‘‘खरं आहे.’’

बाहेर आले तर तू उठून उभी राहिलीस. ‘‘काय झालं वं बाई?’’ मी म्हटलं, सांगितलं सगळं, पैशासाठी तसं लिहिलं होतं म्हणून सांगितलं. तू माझ्या खांद्यावर डोकं टेकवलंस. मी तुझे केस सारखे केले, आणि दोघींसाठी उसाचा रस घेतला.

निकालाचा कागद इंग्रजीत होता. तुला मी मराठीत वाचून दाखवला, तेव्हा चौदावा परिच्छेद गाळला. त्यात जज्जांनी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, मुलीचे त्या दिवशीचे कपडे पोलिसांना मिळाले नाहीत. दुसरी, मुलीची सख्खी बहीण शपथेवर सांगते की इजा पडल्यामुळे झाली, तेव्हा मुलीवर विश्वास ठेवायला न्यायालयाला जागा उरत नाही. तू दीड वर्ष खरं बोलत होतीस, पोलिसांपुढे, डॉक्टरांपुढे, त्या भरल्या कोर्टात. आणि तुला खोटं ठरवलं ते फॉर्मनं नाही. मी ठरवलं.

काल सरकारी वकील मनोहररावांना भेटले. ते म्हणाले, अपील सरकारला करता येतं, पण निकालापासून नव्वद दिवसांत. म्हणजे सोळा सप्टेंबर. मी सगळं सांगितलं. त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही हे प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं तर मी वर पाठवू शकतो. नाहीतर अपिलात काही दम नाही. पण लिहून द्याल तर खोट्या साक्षीचा खटला तुमच्यावर होऊ शकतो. नोकरी तर जाईनच. समजून राहिल्या ना?’’

समजलं म्हटलं. घरी आले, भाजी निवडली. तुला मी हो किंवा नाही काहीच लिहीत नाही, कारण मी अजून ठरवलेलं नाही. मी घाबरट आहे. पूर्वी मी तुला शाळेत पोचवायला जायचे तेव्हा तुला वाटायचं बाई कोणालाच भीत नाही. कुत्र्यांना भीत नव्हते, एवढंच.

कौसल्या


मंगळवार, ११ सप्टेंबर १९७९

प्रेमिला,

मागच्या सोमवारी मी महादेवरावांच्या टेबलावर मीच भरलेला तुझा फॉर्म ठेवला आणि सातव्या रकान्यावर लाल पेन्सिलीनं खूण केली. म्हटलं, साहेब, हा खोटा आहे, आणि मी कोर्टातही खोटं बोलले. त्यांनी फॉर्म उलटा करून ठेवला. मग म्हणाले, ‘‘तुमाले हे आत्ताच काहून सुचलं? सगळं मिटलं होतं ना?’’ मी म्हटलं, तुमचं मिटलं होतं.

शुक्रवारी कंपनीचं पत्र मिळालं. नोकरी संपली. अठराशे चाळीस रुपये व्याजासकट परत करायचे आहेत. म्हणजे तुझं बिल फिरून आपल्याच घरी आलं, पंचाहत्तर रुपयांच्या त्या ओळीसह. तू त्यातला एक पैसा द्यायचा नाहीस, हे आत्ताच सांगून ठेवते. मी शिकवण्या धरल्या आहेत. खटला होईल तेव्हा होईल.

काल प्रतिज्ञापत्र करायला कोर्टात गेले. माय म्हणाली, मीबी येतो. मी म्हटलं, तुझं तिथे काय काम, पायऱ्या चढवत नाहीत तुला. ती चपला घालून दारात उभी राहिली.

कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली टाइपरायटरवाले बसतात, त्यांतल्या एकाकडून मी माझा मजकूर टाइप करून घेतला. माझ्या बहिणीवर रुपरावने बलात्कार केला. ती पडली नव्हती. पडली असे मी पैशासाठी लिहिले व नोकरीसाठी शपथेवर सांगितले. तो शब्द मी पहिल्यांदा तोंडानं उच्चारला, आणि तोही एका अनोळखी माणसापुढे, भर उन्हात. मायनं सगळं ऐकलं. मला वाटलं ती रडेल, म्हणून मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

कागद निघाला तशी ती टाइपरायटरवाल्याला म्हणाली, ‘‘आता माहं लिव गा भाऊ.’’

तो म्हणाला, ‘‘माय, तुमाले कोणी काही विचारून नाही राहिलं.’’

‘‘कोनी इचारलं नाही म्हनूनच तं.’’ ती त्याच्या स्टुलाला धरून खाली बसली. ‘‘लिव. मी जिजाबाई. माह्या पोरीचं लुगडं न् पोलकं त्या दिवशी म्याच धुतलं. दोन डाव धुतलं. रगत जाये नाही तं राखेनं घासलं. पोलीस कपडे मांगाले आले तं म्या सांगतलं, हरवले. हरवले नोयते. मले लाज वाटत होती. ते लिव, मले लाज वाटत होती.’’

प्रेमिला, दीड वर्ष आम्ही दोघी एका चुलीपुढे बसून जेवत होतो. मला तिचं माहीत नव्हतं आणि तिला माझं. आणि दोघींच्या मधे तू झोपत होतीस.

त्यानं विचारलं, ‘‘कपडे कुठं हायेत आता?’’ ती म्हणाली, ‘‘पलंगाखालच्या पेटीत. धुतले, पन फेकाची हिंमत नाही झाली. पोलकं फाटलं हाये, इथून इथवर.’’ आणि तिनं स्वतःच्या अंगावर बोटानं दाखवलं.

आता ते कपडे मनोहररावांकडे आहेत. ते म्हणाले, धुतलेल्या कपड्यांचा उपयोग होईल की नाही सांगता येत नाही, आणि खोटं बोललेल्या बहिणीवर कोर्ट आता तरी कशाला विश्वास ठेवील, तेही सांगता येत नाही. कागद आज वर गेले. पुढचं तुला खोटी आशा लावून मी काही लिहिणार नाही. परत ये असंही म्हणत नाही.

टाइपरायटरवाल्यानं दुसरा कागद चढवला, तेव्हा एके ठिकाणी अडून त्यानं मला विचारलं, ‘‘बाई, ‘लाज’ कोर्टाच्या भाषेत कसं लिहू? तुमी सांगा बरं.’’ मायनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘तिले नको इचारू,’’ ती म्हणाली. ‘‘मी सांगतो तसंच लिव.’’ त्यानं तसंच लिहिलं, आणि मी बाजूला उभी राहून तिच्या अंगठ्याला शाई लावली.

कौसल्या